दीर्घमन्यूचा शाप आणि पर्णिनीचा वर

पूर्वी कृतयुगात, जेव्हा पृथ्वी न नांगरता धान्य देई, गाईंना राखणदार लागत नसे आणि माणसाने दिलेला शब्द त्याच्या देहाहून अधिक काळ टिके, त्या काळी विदर्भदेशात पयोष्णीच्या तीरावर शुचिव्रत नावाच्या महर्षींचा आश्रम होता. औदुंबरांच्या गर्द राईत वसलेल्या त्या आश्रमाची आज खूणही उरलेली नाही. परंतु एके काळी तेथे पहाटेच्या प्रहरी नदीच्या पैलतीरापर्यंत दोन प्रकारचे स्वर ऐकू जात. एक कुमारांचा, मेघासारखा भरदार. दुसरा कुमारिकांचा, वेणुवनातून वाहणाऱ्या वाऱ्यासारखा. हाती समिधा घेऊन जे बालक दारी येई, ते कन्या आहे की पुत्र हे न विचारता महर्षी त्याचे उपनयन करीत. कन्या वेद शिकते याचे त्या काळी कोणास नवल वाटत नसे. नवल वाटू लागले ते पुढे, आणि ते का वाटू लागले त्याचीच ही कथा आहे.

शुचिव्रतांना दोन कन्या होत्या. थोरली ऋतजा, धाकटी पर्णिनी. माता त्यांच्या लहानपणीच निवर्तली असल्याने पित्यानेच दोघींना वाढवले आणि दोघींना सारखेच शिकवले. ऋतजेची बुद्धी अग्निशिखेसारखी होती. एकदा ऐकलेली ऋचा तिच्या कंठात कोरल्यासारखी राही. तिने आजन्म अध्ययनाचे व्रत घेतले. पर्णिनीही काही मंद नव्हती, पण तिला पाडसांना दूध पाजणे, अतिथीची वाट पाहणे, अंगण सारवणे यांत मनापासून गोडी होती. अध्ययन पुरे होताच तिने दृढश्रुत नावाच्या शांत स्वभावाच्या ऋषिपुत्राला स्वतः वरले.

निरोपाच्या दिवशी ऋतजेला राहवले नाही. ती म्हणाली, "पर्णिनी, बारा वर्षांची विद्या तू चुलीत घालायला निघालीस. मग शिकलीस तरी कशाला?"

पर्णिनी म्हणाली, "ताई, तुझा अग्नी वेदीवरचा आणि माझा चुलीतला, म्हणून माझा उणा ठरतो का? तुला जे आवडले ते तू केलेस. मलाही करू दे."

ऋतजा वळून वेदीकडे निघून गेली. धाकटी गेली ती डोळे पुशीत गेली, आणि पुढे अकरा वर्षे दोघी बहिणींची भेट झाली नाही. दरम्यान शुचिव्रत स्वर्गवासी झाले. देह ठेवण्यापूर्वी त्यांनी आश्रम ऋतजेच्या हाती दिला आणि स्वतःला तपात दिसलेले एक सूक्त, जे अन्य कोणासही ठाऊक नव्हते, तिला एकटीला सांगितले.

पुढे दैवाची गती अशी फिरली की विदर्भात लागोपाठ तीन वर्षे पर्जन्य झाला नाही. पयोष्णीच्या पात्रात वाळू तेवढी उरली. तेव्हा अंशुवर्मा नावाच्या धर्मशील राजाने नदीकाठी पर्जन्यासाठी तीन दिवसांचा यज्ञ मांडला. आहुती देण्याचे काम दृढश्रुताकडे आले. ऋचा म्हणण्यासाठी शंभर वर्षे तप केलेले महर्षी दीर्घमन्यू यांना पाचारण झाले. आणि वेदीच्या दक्षिणेस बसून, मौन धरून, सर्वांच्या चुकांवर लक्ष ठेवणाऱ्या ब्रह्म्याचे जे श्रेष्ठ आसन, ते राजाने ऋतजेला दिले. कारण चारही वेद जाणणारे तिच्यासारखे दुसरे कोणी त्या देशात नव्हते.

दोन दिवस निर्विघ्न पार पडले. तिसऱ्या दिवशी, ऊन माथ्यावर आले असता, वृद्ध दीर्घमन्यूंचा एका पदावर स्वर घसरला. उंच उदात्त होता तो खालचा अनुदात्त झाला आणि मेघांना बोलावणारी ऋचा मेघांना परत धाडणारी झाली. ऋतजेने मौन सोडले आणि ती हलक्या आवाजात म्हणाली, "मुनिवर, चौथ्या ऋचेतील तिसऱ्या पदाचा स्वर ढळला. ऋचा पुन्हा म्हणावी."

हे तिचे कर्तव्यच होते. परंतु दीर्घमन्यूंचा चेहरा तांब्यासारखा लाल झाला.

"राजा," ते म्हणाले, "या आसनावर स्त्री बसलेली मी तीन दिवस पाहतो आहे आणि तुझा मान राखून गप्प आहे. स्त्री ही घरातली ज्योत. ती सभेत आणून ठेवली की घरात अंधार होतो, आणि तो अंधार मी भोगला आहे. माझी माता विदुषी होती. ती अध्ययनाला बसली की मी पाळण्यात रडून रडून थकत असे; तिने कधी आसन सोडले नाही. अशा विद्येचे कौतुक मला सांगू नका."

ऋतजा म्हणाली, "मुनिवर, आपल्या बालपणाचे मला खरोखर वाईट वाटते. त्या वेळी आपले पिता कोठे होते?"

"अरण्यात. तप करीत होते."

"आपले रडणे ऐकून ते परतले होते का?"

मुनींनी नजर वेदीकडे वळवली.

"मग सारा दोष एकट्या मातेच्या पदरात का घालता?"

सभेच्या मागच्या रांगेत कोणीतरी हसले. मोठमोठे अनर्थ अशाच लहानशा हसण्यातून उद्भवले आहेत. दीर्घमन्यू ताडकन उठले, कमंडलूतील पाणी त्यांनी तळहातावर घेतले आणि राजा "थांबावे, थांबावे" म्हणत पुढे धावला तोच त्यांच्या मुखातून शाप निघून गेला: "आज सूर्य मावळताच स्त्रीजातीच्या कंठातून वेद निघून जाईल. जे पाठ आहे ते विसरेल, नवे शिकवाल ते टिकणार नाही, आणि पुढे पुढे तिला शिकवावे असे कोणाच्या मनातही येणार नाही."

एवढे बोलून ते वेदी सोडून बाहेर गेले आणि एका निष्पर्ण पळसाखाली जाऊन बसले.

मंडपात हाहाकार झाला. ऋतजेच्या अकरा शिष्या एकमेकींना बिलगून रडू लागल्या. तिचा ज्येष्ठ शिष्य हात जोडून पुढे आला. "आचार्ये, अजून दोन प्रहर आहेत. गुरुदेवांचे सूक्त फक्त आपल्याला ठाऊक आहे. आता आम्हा कुमारांना सांगावे. आमच्यापाशी ते राहील. नाहीतर ते जगातून नाहीसे होईल."

ऋतजेने बाहेर पाहिले. वाळूत गाई बसल्या होत्या. त्यांना उठवायचे कोणाच्या मनात नव्हते, कारण त्या उठल्या नसत्या. त्यांच्यापलीकडे गावोगावची माणसे मुलांना मांडीवर घेऊन यज्ञाच्या धुराकडे डोळे लावून बसली होती.

"बाळा," ती म्हणाली, "सूक्त हरवले तर पुढे कोणा ऋषीला ते पुन्हा दिसेल. ही माणसे पुन्हा दिसणार नाहीत. मुनिवरांच्या जागी मी बसते. पण चुकांवर लक्ष कोण ठेवील?"

तेव्हा स्त्रियांच्या मेळ्यातून सहा महिन्यांचे तान्हे कडेवर घेतलेली पर्णिनी उठून उभी राहिली. "मी बसते, ताई."

ऋतजेने अकरा वर्षांनी धाकटीकडे पाहिले. "तुला सारे आठवते?"

"तुला वाटले, मी चुलीत घातले," पर्णिनी म्हणाली. "रोज साळी कांडताना मुसळाच्या तालावर मी एकेक अध्याय म्हणत आले आहे. घरी ऐकायला कोणी नसे. कधीमधी हे ऐकत."

दृढश्रुताने तुपाच्या आहुतीची पळी, स्रुवा, उचलली आणि तो म्हणाला, "तिच्याकडून ऐकून माझ्या दोन चुका सुधारल्या आहेत. चला, वेळ थोडा आहे."

मग यज्ञ पुन्हा सुरू झाला. ऋतजेचा कंठ असा निनादला की वाळलेल्या झाडांवरचे पक्षी उडून वेदीजवळ येऊन बसले. आहुतीमागून आहुती पडत होती. मध्येच पर्णिनीचे बाळ भुकेने रडू लागले. पळसाखाली दीर्घमन्यूंनी झटकन मान वळवली. पर्णिनीने आसन सोडले नाही, आणि बाळालाही रडू दिले नाही. पदराआड घेऊन ती त्याला पाजू लागली, आणि तिची बोटे जमिनीवर स्वर मोजीत राहिली. थोड्या वेळाने घाईत ऋतजेकडून एक शब्द सुटला. बाळाच्या पाठीवर थोपटत पर्णिनी म्हणाली, "ताई, एक पद राहिले." ऋतजेने मागे जाऊन ते म्हटले. त्या वेळी पळसाखालच्या वृद्धाने उपरण्याने तोंड झाकून घेतले.

सूर्याचे बिंब टेकडीला टेकले तेव्हा अखेरची आहुती पडली. पश्चिम मोकळी होती, पण पूर्वेकडून हत्तींच्या कळपासारखे ढग चालून आले आणि वाळूवर टपोरे थेंब पडू लागले. लोक गाईंच्या गळ्यात पडून रडले.

त्या पावसात भिजत दीर्घमन्यू वेदीपाशी आले. ते ऋतजेकडे पाहू शकले नाहीत. पर्णिनीला ते म्हणाले, "वत्से, ज्याचा मला शंभर वर्षे राग होता, त्यावर अशीही वाट होती हे आज दिसले. वर माग."

"शाप परत घ्यावा, भगवन्."

"जिभेवरून सुटलेला बाण माझ्या भात्यात परतत नाही. दुसरे काही माग. तुझ्या बहिणीला एकटीला मी वगळू शकतो."

पर्णिनीने वळून पाहिले. ऋतजेच्या मागे त्या अकरा मुली उभ्या होत्या. सगळ्यांत लहान मुलीने तिच्या वल्कलाचे टोक धरले होते. ऋतजेने त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

सूर्याची कडा तेवढी उरली होती. पर्णिनी म्हणाली, "मग असा वर द्यावा. आम्ही मंत्र विसरू. पण ते एकदा आमचे होते, एवढे मात्र आम्ही विसरू नये."

दीर्घमन्यू चकित झाले. "याने तुमच्या हाती काय येणार? केवळ दुःख. हरवल्याचे स्मरण नसले तर स्त्रिया सुखाने राहतील."

"सुखाने राहतील आणि कधी शोधणार नाहीत," पर्णिनी म्हणाली. "दुःख राहू द्यावे, भगवन्. आम्ही ते वाहू."

मुनींनी डोळे मिटले आणि "तथास्तु" म्हटले. सूर्य मावळला.

नित्याप्रमाणे ऋतजेने संध्येसाठी ओंजळीत पाणी घेतले. पहिला शब्द तिच्या ओठांवर आला. दुसरा आला नाही. ती बराच वेळ ओंजळ धरून उभी राहिली, पाणी बोटांतून गळून गेले, आणि मग ती वाळूवर बसली. पर्णिनी तिच्या शेजारी बसली. आता दोघींपैकी कोणालाच काही येत नव्हते. पर्णिनीने बाळ बहिणीच्या मांडीवर दिले, आणि ऋतजेने आयुष्यात पहिल्यांदा मूल जवळ घेतले.

पुढे एकेका शिष्येला तिचे आईबाप घरी घेऊन गेले. ऋतजा मात्र आश्रमातच राहिली. पहाटे कुमार पाठ म्हणू लागले की ती औदुंबराखाली येऊन बसे आणि ऐके. अर्थ कळत नसे. पण नदीवरच्या त्या दोन स्वरांपैकी एक आता नाही, हे तिला रोज नव्याने कळे. कोणी विचारले की ती म्हणे, "येथे मुलीही म्हणत असत. मीही म्हणत असे." वर्षानुवर्षे ती हे सांगत राहिली, आणि सांगता सांगताच वृद्ध होऊन देवलोकी गेली.

युगे लोटली. कृत गेले, त्रेता व द्वापर गेले, पयोष्णीचे नावही बदलले. शाप खरा झाला. मुलींना शिकवावे हे पुष्कळ काळ कोणाच्या मनातही आले नाही. पण वरही ऋषीचाच होता. म्हणून अजूनही एखाद्या घरी भावाची मुंज असते, अंगणात मांडव असतो, आई मुलाला पुढ्यात घेऊन मातृभोजनाचे घास भरवीत असते, आणि कोणीही न शिकवलेली, सात-आठ वर्षांची एक मुलगी खांबाला टेकून विचारते, "आई, माझी कधी?"

भोवतालच्या बायका हसतात. आई हसत नाही. तिचा घास हातातच राहतो, आणि आपल्याला काय आठवते आहे हे तिला सांगता येत नाही.