कोर किती?

फार वर्षांपूर्वी, झरेवाडीला अजून रस्तासुद्धा सापडला नव्हता तेव्हा, तिथे धुरपामाय कुंभारीण राहायची. तिच्या हातचं मडकं पडलं तरी फुटत नसे, असं म्हणतात. पण गाव तिला आठवतं ते मडक्यांसाठी नाही, पोरांच्या डोळ्यांसाठी.

त्या भाऊबिजेला सगुणाची मथी ताट घेऊन अंगणात आली. भावाआधी चंद्राला ओवाळायचं, म्हणून तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "आई, कुणाला ओवाळू? तीन कोरी आहेत."

सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, "भाग्याची गं बाई! आम्हाला मेली एक दिसेना."

सगुणा मात्र हसली नाही. गेल्या भाऊबिजेला दोन होत्या. अशीच दरसाल एक वाढली, तर पोर मोठी होईस्तोवर आभाळभर चंद्र आणि पायाखालची वाट दिसायची नाही. काळजी करायला आपल्याला कारण लागत नाही, हे सगुणाला ठाऊक होतं. म्हणून तिनं आधी स्वतःलाच वेडी म्हणून घेतलं, आणि मग मथीला ओढत कुंभारवाडा गाठला.

धुरपामायनं मथीला खाली बघायला लावलं. खालची पापणी मधोमध टोकदार झाली, जणू आतून कुणी बोट लावलंय.

"डोळे कोण चोळतं हिचे?"

"खाजले की तीच. आणि... मी. पदरानं. बरं वाटतं तिला."

धुरपामाय चाकावरच्या ओल्या मडक्याची एकच जागा अंगठ्यानं चोळत राहिली. तिथली भिंत पातळ झाली आणि मडकं तिकडेच फुगून टोकाला आलं.

"डोळ्यावरची काच पोरवयात अशीच ओली असते. वयानं घट्ट होते. तोवर अंगठा लावायचा नाही, फुगली की एकाची तीन दिसतात. आलेला फुगवटा मला उतरवता येत नाही, सगुणे. पुढचा अडवू."

तिनं मथीच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत माती लिंपली. हात डोळ्याकडे वळला की मातीला तडा जायचा. रोज सकाळी सगुणा जीव मुठीत धरून तडे शोधायची आणि पोरीला घास भरवायची. बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, "पोरीचं मडकं केलं गं हिनं!"

चैतात धुळीचं वारं सुटलं. मथीचे डोळे लालभडक झाले. "आई, एकदाच चोळ गं. एकदाच!"

एकदानं काय होतंय? सगुणाचा पदर पोरीच्या पापणीपर्यंत गेला. धुरपामाय दारात उभी होती. तिनं नुसता ओल्या मातीचा गोळा पुढे केला. सगुणानं आपलेच दोन्ही हात त्यात खुपसले.

ती माती आव्याच्या आगीशिवायच भाजून दगड झाली आणि वारं पडेस्तोवर सुटली नाही, असं म्हणतात. मायलेकी चार मातीचे हात मांडीवर घेऊन रडत बसल्या. रडण्यानंच धूळ धुऊन निघाली.

पुन्हा भाऊबीज आली. या वेळी कुणी हसलं नाही.

"मथे, कोर किती?"

मथीनं बराच वेळ पाहिलं. "तीनच."

सगुणानं ओवाळणीचं ताट उचललं. तिला आभाळातल्या तिन्ही कोरींना ओवाळावंसं वाटलं.

धुरपामाय गेली त्या दिवसापासून तिच्या चाकाखालची माती वाळलेली नाही, असं म्हणतात. झरेवाडी अजून भाऊबिजेला तिथली ओंजळभर माती आणते आणि प्रत्येक पोराला विचारते, "कोर किती?" एकीपेक्षा जास्त सांगितल्या, तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं त्याला तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतात. ते आता औषधाचे थेंब घालून, वरून प्रकाश सोडून ती काच घट्ट करतात.

कोर विचारून झाली की पोरांच्या अंगठ्यांना माती लावायची. पण त्याआधी आई स्वतःचे अंगठे बुडवते.