बिनडिस्कचे बारा कॉम्प्युटर

घुगरे बाईंनी शाळेतले जुने बारा कॉम्प्युटर पुन्हा चालू केले होते. एकातही माहिती साठवायची डिस्क नव्हती. सगळं कोपऱ्यातल्या एकाच सर्व्हरवरून यायचं. तपासणीला आलेल्या हिरेमठ साहेबांनी एका कॉम्प्युटरचा डबा उघडायला लावला आणि ते गरजले, "आत साठवलेलं काहीच नाही? हा कसला कॉम्प्युटर! गुरव, सगळे भंगारात काढा, असा शेरा लिहा. शाळेचं नाव काय हो?"

साहेबांबरोबर आलेल्या कारकून गुरवांनी नाव सांगितलं. मग साहेबांनी विचारल्यावर पटसंख्या सांगितली, आजची तारीखही सांगितली.

बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, तुमचंही सगळं गुरवभाऊंकडूनच येतंय. म्हणून तुम्हाला कोणी भंगारात काढतं का?"

साहेबांच्या मिशा थरथरल्या, आणि मग ते खो खो हसत सुटले. "खोडा तो शेरा! 'उत्तम' लिहा," म्हणत त्यांनी सहीसाठी खिसा चाचपला.

पेनही गुरवांनीच दिलं.