पुढे धावणारा

एकदा एका धावपटूने दहा हजार मीटरचा जागतिक विक्रम केला आणि त्या दिवसापासून त्याच्या सुखाला दृष्ट लागली. हरलेली माणसे तळमळताना आपण पाहतो. हा जिंकून तळमळू लागला. जगाच्या पाठीवर कुठेही शर्यत असली की निकाल कळेपर्यंत याच्या घशाखाली घास उतरत नसे. सराव नेमाने चालू होता, पण शर्यतीत उतरणे त्याने सोडले होते. उतरलो आणि मागे पडलो, तर तो विक्रम म्हणजे निव्वळ योगायोग होता असे लोक म्हणतील, ही धास्ती. बायकोने समजावून पाहिले. पण भीती समजुतीने गेली असती तर आणखी काय हवे होते?

अशात बातमी आली, की दूरच्या प्रांतातला एक तरुण तोच विक्रम मोडायला याच्याच शहरातल्या मैदानावर उतरणार आहे. धावपटूचे अवसान गळाले. तो आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. गुरूंनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, “त्या मुलाला पेसर हवा आहे. मी तुझे नाव कळवले आहे.”

लांब पल्ल्याच्या शर्यतीत ही एक रीत असते. विक्रमाचा प्रयत्न करणाऱ्याच्या पुढे एक जण ठरलेल्या वेगाने धावतो, समोरचा वारा आपल्या अंगावर घेतो आणि निम्म्या अंतरावर बाजूला होतो. तो पेसर. त्याचे नाव निकालात लागत नाही. म्हातारपणी गुरुजींना चळ लागला, असे शिष्याच्या मनात आले. पण त्यांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

शर्यत सुरू झाली. पाठीमागे पावले वाजू लागली आणि याच्या अंगाला दरदरून घाम फुटला, तो काही केवळ धावण्याचा नव्हता. ज्याला तो इतके दिवस भीत होता, ते हातभर अंतरावर येऊन ठेपले होते. मग एक विचार आला. वेग जरासा उतरवला तर? कुणाला कळणारही नाही. दमला असेल बिचारा, एवढेच म्हणतील. आणि विक्रम शाबूत राहील. त्याचे पाऊल खरोखरच आखडले. तेव्हा मात्र तो मनातून हादरला. आजवर त्याला दुसऱ्यांची भीती वाटत आली होती. आता स्वतःची वाटली.

तेवढ्यात मागच्याचा श्वास त्याच्या कानी आला. तुटक, घाबरलेला. आपल्याला हे झेपेल ना, असे विचारणारा. तो श्वास याच्या चांगल्या ओळखीचा होता. त्याने पाऊल मोकळे सोडले, ठरलेला वेग पुन्हा धरला आणि निम्म्या अंतरापर्यंत तो ढळू दिला नाही. मग तो बाजूला झाला आणि कठड्याशी उभा राहून त्या तरुणाला घसा बसेपर्यंत ओरडून बळ देत राहिला.

तरुणाचा विक्रम अगदी थोडक्यात हुकला.

शिष्य गुरूंपाशी आला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते. गुरू म्हणाले, “बाळ, तुझ्या विक्रमाच्या दिवशीही तुझ्यापुढे कुणीतरी धावत होता. त्याने वारा झेलला, म्हणून तू पोचलास. त्याचे नाव तुझ्या तोंडून मी कधी ऐकले नाही. जे अनेकांच्या छातीने घडले, ते तू एकट्याने राखायला बसलास. मग भीती वाटणार नाही तर काय होणार? घरात बसून ऐकलीस तेव्हा तीच पावले तुला चोराची वाटत होती. आज तू त्यांना वाट करून दिलीस.”

शिष्याने डोळे पुसले. विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे, हे त्याच्या ध्यानातही नव्हते.

“गुरुजी,” तो म्हणाला, “मी लवकर बाजूला झालो. पुढच्या वेळी मला आणखी एक फेरी त्याच्या पुढे राहू द्या.”