शेडमधली तीन मिनिटं

“…आणि पहिल्या सिनेमाच्या कामाला किती माणसं हुती म्हणालात?”

“एकवीस.”

“शेवटपर्यंत किती राहिली?”

ऋत्विजनं चहाचा कप खाली ठेवला.

“तो सिनेमा पूर्ण झाला नाही, चाचा.”

“त्ये न्हाई इचारलं मी.”

“…एकही नाही.”

कासमचाचा मुजावर म्हणजे कोल्हापुरातले जुने ध्वनिमुद्रक. पंचेचाळीस वर्षं सिनेमांचे आवाज टिपले त्यांनी. आता काम थांबलंय, पण या भागात कमी पैशात सिनेमा काढायचा तर माणसांसाठी चाचांच्याच कट्ट्यावर यावं लागतं. चाचांनी शब्द टाकला की दिवेवाले, कपडेपटवाले, ट्रॉली ढकलणारे हातातलं काम सोडून येतात. त्यांनी नाही म्हटलं तर कुणी येत नाही, आणि कारणही विचारत नाही.

मी सदाशिव लोहार. वीस वर्षं चाचांचा बूम धरला. लांब दांडीला माइक लावायचा, दांडी नटांच्या डोक्यावर धरायची, आणि हलायचं नाही. त्यामुळं गप्प उभं राहून बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

ऋत्विज वर्तक पुण्याचा. सिनेमाचं मोठं शिक्षण घेतलेला, अठ्ठावीस वर्षांचा. इचलकरंजीतल्या बंद पडलेल्या यंत्रमागावरची एका बहीणभावाची गोष्ट त्याला करायची होती. तिथल्याच एका मागांच्या शेडच्या मालकानं चित्रीकरणाला महिनाअखेरपर्यंत जागा दिली होती. त्यानंतर माग भंगारात जाणार होते.

“अठरा दिवस आहेत, चाचा. माग गेले की हा सिनेमा कधीच होणार नाही. मला फक्त चौदा माणसं द्या.”

“पयल्यांदा माणसं का गेली?”

“पैसे संपले होते.”

“आता हायत?”

“…नाहीत.”

चाचा हसले नाहीत. हसू मला आलं, ते मी चहात बुडवलं.

कारण आम्हाला खरं माहीत होतं. त्याच्या पहिल्या सिनेमाच्या अकराव्या दिवशी एक टेक बिघडला. कुठून तरी घरघर आली. यानं सगळ्यांसमोर बूम धरणाऱ्या इराप्पाला नको ते बोलून हाकलून दिलं. इराप्पानं दांडी खाली ठेवली आणि पिशवी उचलली. संध्याकाळपर्यंत बाकीचे वीसजणही निघून आले. इराप्पाला बूम धरायला मी शिकवलं होतं. तेव्हा या पाहुण्याच्या चहात साखर घातली, हाच माझा मोठेपणा.

ऋत्विजनं पिशवीतून पोस्टर काढून उलगडलं. माणसांचा पत्ता नाही आणि पोस्टर छापून तयार! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

“गोष्ट वाचून दाखवू?”

“नको. पडद्यावर बघीन.”

“गोष्ट न ऐकता माझ्यावर विश्वास कसा ठेवाल?”

“ठेवलाय कुठं अजून?”

पोस्टरची गुंडाळी करायला त्याला जरा वेळ लागला.

“उद्या सकाळी नऊला शेडवर या,” चाचा म्हणाले. “माणसं आलेली असतील. बघा, निवडा.”

“निवडताना काय बघू?”

“तुमी काय बघता त्ये मला बघायचंय.”

तो गेला. मी तोवर मूग गिळून बसलो होतो, आता राहवेना.

“चाचा, ह्याला माणसं द्यायची? इराप्पाचं एवढं झाल्यावर?”

“इराप्पालाबी सांग.”

“तो न्हाई यायचा.”

“मी बोलावलंय म्हण.”

इराप्पा आला. साडेआठलाच येऊन शेडच्या भिंतीला टेकून उभा होता.

एकोणीसजण आले होते. कुणी गडहिंग्लजहून, कुणी मिरजेहून, पहाटेच्या एसटीनं. हे काम अठरा दिवसांचं, त्यातून पदरात फार काही पडायचं नाही, हे सगळ्यांना आधीच सांगितलेलं होतं. तरी आले. अशी माणसं अजून आहेत, हे बघून मला दरवेळी भरून येतं आणि दरवेळी मी ते लपवतो.

चाचांनी सगळ्यांच्या चपला दाराबाहेर काढायला लावल्या. ऋत्विजनं बूट काढले आणि वही उघडली. एकेकासमोर उभा राहून तो नाव लिहून घेत विचारत निघाला.

कपडेपटाच्या हौसाबाईंना विचारलं, “किती सिनेमे केलेत?”

“मोजलं न्हाईत, बाबा.”

“साधारण?”

“नवरा हुता तवापासनं करतीया. त्यो जाऊन बावीस वर्सं झाली.”

त्यानं वहीत काहीतरी खूण केली. ती चांगली नसावी.

दिवेवाल्या पांडबाला विचारलं, “नवीन एलईडी दिवे हाताळलेत?”

“दाखवा, हाताळतो की.”

पुन्हा खूण.

मग त्याला इराप्पा दिसला. ऋत्विजच्या तोंडाचं पाणीच पळालं. इराप्पानं नमस्कार केला. ऋत्विज नुसतं नाव लिहून पुढच्या माणसाकडं सरकला.

“झालं का?” चाचांनी विचारलं. ते एका मागाच्या फळीवर आपलं आवाज टिपायचं यंत्र मांडून बसले होते.

“जवळजवळ. अजून नक्की ठरत नाहीये.”

“मग तवर रूम टोन घिऊ.”

सिनेमाच्या कामात ही एक रीत असते. जिथं शूटिंग करायचं, तिथं सगळ्यांनी आहे तिथं गप्प उभं राहायचं आणि त्या जागेचा रिकामा आवाज टिपून घ्यायचा. पुढं संवादांचे तुकडे जोडताना मधल्या फटी त्यानं बुजवतात. बाकीचे लोक अर्धा मिनिट घेतात आणि पळतात. चाचा तीन मिनिटं घेत. त्यांचा उजवा हात वर गेला की टेक सुरू, आणि तो खाली येईपर्यंत हलायचं नाही.

मी बूम उचलला. चाचांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, हात वर केला.

शेड गप्प झालं.

आधी काहीच ऐकू येत नाही. मग हळूहळू जागा बोलायला लागते. उन्हानं तापणारा पत्रा टिकटिकला. एक कबुतर फडफडलं. मागांवर वर्षानुवर्षांचा कापूस साचलेला, त्यातले तंतू तिरिपेतून खाली येत होते. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. पहाटेची एसटी पकडायची तर न्याहारी कुठली होणार? एकोणीस माणसं होती, पण त्यांच्या श्वासांची लय हळूहळू एक होत गेली.

…

एक मिनिट झालं असेल.

ऋत्विज माझ्या शेजारीच होता. त्यानं वही वर घेतली. मला दिसलं. त्याचं पेन इराप्पाच्या नावावर आलं आणि त्यानं ते नाव खोडलं. एकदा. मग आणखी जोर लावून दुसऱ्यांदा.

खर्र… खर्र.

चाचांनी डोळे उघडले. हात वरच होता.

“ही खरखर कुणाची?”

खरखर कुठल्या बाजूनं आली हे चाचांच्या कानाला कळलं नसेल, असं म्हणणाऱ्यानं त्यांना ओळखलंच नाही. पण चाचांच्या माणसांत एक वळण आहे. टेक बिघडला तर कुणी कुणाकडं बोट दाखवत नाही. ज्याचं चुकलं त्यानं म्हणायचं, ‘माझं चुकलं.’ त्याला ते जमेना, तर शेजारचा अंगावर घेतो. विषय तिथं संपतो आणि काम पुढं चालतं. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. वर्षानुवर्षं बघून अंगात मुरलंय.

शेडमध्ये कुणी हललं नाही. पेन कुणाचं हे समोरच्या चौघापाचजणांना तरी दिसलं होतं.

“माझी चप्पल घासली, चाचा,” इराप्पा म्हणाला.

ऋत्विजची मान वळली. त्याची नजर इराप्पाच्या पायांवर गेली.

पाय अनवाणी होते.

“तुझी कुठली?” हौसाबाई म्हणाल्या. “माझ्या बांगड्या वाजल्या.”

“मीच जरा सरकलो, चाचा,” पांडबा म्हणाला.

मागच्या रांगेतून आणखी कोण तरी म्हणालं, “मी हुतो.”

चाचा कुणाकडंच बघत नव्हते. हात तसाच वर. यंत्रावरचा लाल दिवा चालूच होता.

…

“मी होतो,” ऋत्विज म्हणाला.

आवाज इतका बारीक होता की मी सवयीनं बूम त्याच्याकडं वळवला.

“पेन माझं होतं. मी… मी यांचं नाव खोडत होतो.”

तो थांबला असता तरी चाललं असतं. रीत पुरी झाली होती. पण तो थांबला नाही.

“आणि त्या दिवशी… अकराव्या दिवशी… ती घरघर इराप्पांची नव्हती. माझ्या खिशातला फोन थरथरला होता. मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी यांना हाकललं. आणि सगळ्यांना सांगत फिरलो की पैसे संपले म्हणून माणसं गेली.”

बूम माझ्या हातात हलला. वीस वर्षांत कधी हलला नव्हता. ज्या पोराला मी घडवलं, त्याला यानं स्वतःच्या चुकीसाठी हाकललं होतं! दांडी ऋत्विजच्याच डोक्यात घालावी असं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि त्याच घटकेला त्याचं कौतुकही वाटलं. ज्यांच्यावर उद्याचा सिनेमा अवलंबून, त्यांच्यासमोरच हे बोलायला छाती लागते. एकजण जरी पाठ फिरवून निघाला असता, तर बाकीचेही गेले असते. त्याला ते ठाऊक होतं. एकदा बघितलं होतं त्यानं.

“मला ठावं हुतं,” इराप्पा म्हणाला.

“काय?”

“फोनचं. बूम धरताना कानात हेडफोन असतोय, साहेब. सगळ्यात आधी मलाच आयकू आलं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर मी तुम्हाला…”

इराप्पानं खांदे उडवले. सांगावं की न सांगावं, असं झालं त्याचं.

“तुमी बोलशीला म्हणून थांबलो. ष्ट्यांडवर दोन गाड्या सोडल्या… मग अंधार पडाय लागला.”

ऋत्विजनं मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते, ते त्यानं लपवले नाहीत. तो चार पावलं चालून इराप्पासमोर गेला आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. इराप्पानं मान हलवली. त्या दोघांत काय मिटलं ते मिटलं.

मी इराप्पाकडं बघत राहिलो. त्याला मी हात वर धरायला शिकवलं होतं, दांडी तोलायला शिकवलं होतं. हे बाकीचं तो कुठं शिकला मला माहीत नाही. मी असतो तर त्याच दिवशी फोनचं बोंबलून सांगितलं असतं.

…

चाचांचा हात अजून वर होता. सत्त्याहत्तर वर्षांचा हात. तो वर असेतो दुसरं कुणी हलत नव्हतं. पत्रा टिकटिकत होता. बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

मग हात हळूच खाली आला.

शेडनं श्वास सोडला. दाराकडं कुणीही गेलं नाही. हौसाबाईंनी पदर खोचला आणि इकडंतिकडं बघितलं.

“साहेब, हितं झाडू कुठाय? ह्या कापसात कपडं टांगू का मी?”

“विजेचा मीटर दावा आधी,” पांडबा म्हणाला. “मग दिव्यांचं बघू.”

मागच्या रांगेतलं कोण तरी म्हणालं, “आणि न्याहारीचं काय?” सगळे हसले.

ऋत्विजनं डोळे पुसले, मीटर दाखवला, झाडू स्वतः शोधून आणला. वही कुठल्या तरी मागावर पडून राहिली. इराप्पा माझ्याकडं आला आणि त्यानं माझ्या हातातून बूम घेतला. मीही दिला.

मग ऋत्विज चाचांच्या समोर येऊन उकिडवा बसला. चाचा यंत्राच्या वायरी गुंडाळत होते.

“चाचा… माझ्यामुळं तुमचा टेक वाया गेला. पेन, बोलणं, सगळं आलं त्यात. पुसून परत घेऊ या?”

चाचांनी गुंडाळलेली वायर मांडीवर ठेवली.

“वाया…? आरं, एवढा स्वच्छ टेक मी आयुष्यात घेतला न्हाई.”