केरबाच्या लेकाचं नाव

एका गावात एक भोळा बाप होता. बाप व्हायच्या आधीही तो भोळाच होता, पण तेव्हा त्याचं कुणाला काही पडलं नव्हतं. नाव केरबा. त्याच्या आईची, ठकूबाईची, आधीची पोरं टिकली नव्हती. म्हणून हा जन्मला तसा त्याला उकिरड्यावर केरात ठेवला, शेजारणीनं उचलला आणि ठकूबाईनं सूपभर कोंडा देऊन परत घेतला. केरातला म्हणून केरबा. असलं नाव ऐकलं की वाईट नजर नाक मुरडून पुढच्या घरी जाते म्हणे. गेली खरी. जाताना केरबाची अक्कल तेवढी घेऊन गेली.

केरबाच्या बायकोची, सगुणेचीही पहिली दोन बाळं गेली. मग मुलगा झाला. सगुणा म्हणाली, "अहो, एवढा तरी राहू द्या. काय लागेल ते करा."

केरबा म्हणाला, "करतो." तिथंच चुकलं.

ठकूबाईनं बजावलं, "पोराचं कौतुक करायचं नाही. कुणी विचारलं तर वाईटच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सासरा आला, आंगडं-टोपडं घेऊन. उंबऱ्यातूनच म्हणाला, "जावईबापू, नातू कसा आहे माझा?"

"काही खरं नाही, मामा. काळा ठिक्कर पडलाय. बघवत नाही."

सासरा मटकन खाली बसला आणि त्यानं गळा काढला. शेजारच्या बायका धावून आल्या, त्यांनीही सूर धरला. एकीनं तर नवऱ्याला बांबू आणायला पिटाळलं. आत पोर दूध पिऊन झोपलं होतं. ते उठलं, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडलं, तेव्हा कुठं लोक गप्प झाले.

"मेल्या!" ठकूबाई कडाडली. "आपल्या माणसापाशी चांगलं बोलावं. तोंड भरून कौतुक करावं!"

"बरं, आये."

चुलत्याच्या, तात्याच्या बुडाला गळू झालं होतं. केरबा बघायला गेला. "वा तात्या! काय टपोरं आलंय! असंच वाढू दे. पोरानातवंडांनाही होऊ दे!"

तात्याला बसता येत नव्हतं. पण काठी घेऊन धावता येत होतं.

"अरे लेका," ठकूबाई हळद लावता लावता म्हणाली, "असलं काही मनात आलं तर मोठ्यानं बोलू नये. ज्याला सांगायचं त्याच्या कानात सांगावं. दुसऱ्याला ऐकू जाता कामा नये."

"बरं, आये."

मग बारशाचं आमंत्रण करायला केरबा निघाला. घरोघर जाऊन एकेकीच्या कानात सांगून आला. पाटलीणबाईंच्या कानाशी तोंड नेलं तेव्हा थप्पड खाल्ली, पण निरोप पुरा करूनच हलला. प्रत्येकीला वाटलं, आपल्या एकटीलाच बोलावलंय. बारशादिवशी पुढचं दार ओस, आणि मागच्या दारी पदराखाली कुंच्या लपवून अख्खं गाव.

आली नाही ती पोराची आत्या, केरबाची धाकटी बहीण. नाव ठेवायचा मान तिचा. तिनं सांगून पाठवलं, "मला चोरून बोलावतोस? मग नावही तूच ठेव."

ठकूबाईनं कपाळाला हात लावला. "आता तूच हो आत्या. वाक पाळण्याशी आणि सांग कानात."

केरबा वाकला. पोराच्या कानाला तोंड लावून पुटपुटला. बायकांनी रीतीप्रमाणं त्याच्या पाठीत धपाटे घातले. पाटलीणबाईंनी जरा जास्तच घातले.

"काय ठेवलं रे नाव?"

"ज्याला सांगायचं त्याला सांगितलं."

"अरे, मी आई तुझी. मला तरी सांग!"

"झोपेत तोंडून जाईल म्हणून विसरूनसुद्धा टाकलं, आये. त्याला विचारा."

घुगऱ्या गार झाल्या. सगुणा भिंतीकडं तोंड करून रडली. नाव नसलेलं पोर टिकायचं कसं?

पण पोर टिकलं. चांगलं गुटगुटीत झालं. मग गावात बोलबाला सुरू झाला, "नाव लागू पडलं!"

"कोणतं नाव?"

"ते ठाऊक नाही. पण जालीम आहे."

एरवी गावात धोंडू नाहीतर दगडू ठेवायचे. आता ज्याच्या घरी मुलगा झाला तो केरबाच्या दारी. "आमच्याही पोराला तेच ठेव, बाबा." पाटीलसुद्धा आला, पागोटं सावरत. केरबा आपल्या पोराच्या तोंडाशी कान न्यायचा, मान डोलवायचा आणि नव्या पोराच्या कानात काहीतरी पुटपुटायचा. काय पुटपुटलास म्हणून एकाही शहाण्यानं विचारलं नाही. थोड्याच वर्षांत गावात सगळ्यात जास्त चालणारं नाव तेच झालं. फक्त ते काय आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. हाक मारायची तर आया नुसतं "अरे ए!" म्हणायच्या.

एका संध्याकाळी सगुणा म्हणाली, "अहो, पोराला बोलावून आणा. ताट वाढलंय."

केरबा पारापाशी गेला. "अरे ए!"

गावातली सगळी पोरं धावत आली. जे पुढं होतं त्याचा हात धरून केरबा घरी आला.

सगुणेनं दिवा वर केला. "अगंबाई! हा तर तात्यांचा नातू! आपला कुठाय?"

केरबानं पोराला पाटावर बसवलं आणि भाताचं ताट पुढं सरकवलं.

"तोंड काय बघत बसलीस? नाव तर तेच आहे ना?"