काळ्या कातळातला पांढरा चुना

एक होती शंखुली. इवलीशी गोगलगाय. नदीत राहायची. घर पाठीवर.

वरून खडा पडला. टक्! घराला भोक पडलं.

खेकडेमामा आला. "भोक छान आहे गं! नांगी घालू का आत?"

शंखुली घाबरली. घर चुन्याचं, भोक बुजवायला चुना हवा. ती निघाली. सुळुक सुळुक.

"नदीबाई, मला चुना दे. टिचलं माझं घर."

"कातळ मला देईल, तर मी तुला देईन."

सुळुक सुळुक.

"कातळदादा, नदीला चुना दे. नदी मला देईल. टिचलं माझं घर."

"मी केवढा कडक! झरा मला विरघळवील, तर देईन."

सुळुक सुळुक.

"झरेदादा, कातळ विरघळव. कातळ नदीला चुना देईल. नदी मला देईल. टिचलं माझं घर."

"नुसत्या पाण्यानं कातळ विरघळतो होय? मूळ मला आंबट करील, तर विरघळवीन."

सुळुक सुळुक. वर उंबराचं मूळ.

"मूळबाबा, झरा आंबट कर. झरा कातळ विरघळवील. कातळ नदीला चुना देईल. नदी मला देईल. टिचलं माझं घर."

"साबणाच्या फेसानं जीव गुदमरलाय. ठकूमावशी फेस थांबवील, तर करीन."

ठकूमावशी कपडे धूत होती. धप् धप्!

"मावशी, मुळावरचा फेस थांबव. मूळ झरा आंबट करील. झरा कातळ विरघळवील. कातळ नदीला चुना देईल. नदी मला देईल. टिचलं माझं घर."

"सर गं बाजूला, चिरडली जाशील!" मावशी म्हणाली. मग थांबली. "काय म्हणालीस? कातळातून चुना? माझ्या हंड्याच्या बुडाशी पांढरं पांढरं बसतं, ते ह्या काळ्या कातळाचं?"

मावशी कातळाकडे बघतच राहिली.

मग तिनं बादली उचलली. फेसाचं पाणी लांब नेऊन केळीला घातलं.

फेस थांबला. मुळानं श्वास घेतला. हुश्श! सोडलेला श्वास पाण्यात मिसळला, झरा आंबट झाला. ठिप् ठिप् ठिप्. कातळ विरघळला. किती? दिसणारही नाही, इतकाच. त्यानं नदीला चुना दिला. नदीनं शंखुलीला दिला.

एक दिवस गेला. खूप दिवस गेले. भोक बुजलं. पांढरं शुभ्र!

खेकडेमामा आला. टक टक! नांगी घसरली.

"मामा, इथं दार नाही हं!"

शंखुली निघाली. सुळुक सुळुक. पाठीवर इवलासा कातळ. एवढी वर्षं तो एका जागी बसला होता. आज तो फिरायला निघाला.