प्याद्याचा पहिला गुण

पटावरचे मोहरे आपल्याच मनाने डाव मांडत, त्या काळची ही गोष्ट. एकदा सामन्याआधी वाद पेटला: गुण द्यायचे कशाचे?

"जो जितके मोहरे मारेल, तितके त्याचे गुण," हत्ती म्हणाला.

राजासमोरच्या म्हाताऱ्या प्याद्याने विचारलं, "आणि जो नुसता राजापुढे पहारा देत उभा राहील, त्याला?"

"उभं राहण्याचे कसले गुण, आजोबा?" सगळे हसले. हत्तीचंच ठरलं.

डाव रंगला. प्रत्येकाच्या नावावर गुण चढले, म्हाताऱ्या प्याद्याच्या नावावर शून्य. त्याला ते सोसेना. तिरक्या घरात शत्रूचा उंट दिसताच त्याने जागा सोडली आणि उंट मारला. आयुष्यातला पहिला गुण!

राजाला सांगायला ते वळलं. मोकळ्या झालेल्या वाटेने येऊन शत्रूच्या वजिराने राजाला आडवं केलं होतं. प्यादं धावणार होतं. पण प्याद्याला मागे पाऊल टाकता येत नाही.